गाभडलेल्या गाईचे रक्त कोण तपासणार?

सातव्या महिन्यात गाय गाभडली की गावात कारणांना तोटा नसतो. कुणी म्हणतो बैलाने शिंग मारले, कुणी म्हणतो उष्णता झाली, कुणी नजर लागली म्हणून मोकळा होतो. जार अडकलेला असतो. तो घरचाच कुणीतरी उघड्या हाताने काढतो आणि उकिरड्यावर टाकतो. तिथून कुत्री ओढून नेतात. पुढल्या वर्षी शेजाऱ्याची म्हैस गाभडते. त्यानंतर कधीतरी जनावरांचे शेणपाणी करणाऱ्या घरच्या बाईला ताप येऊ लागतो. तालुक्याला विडाल होते, टायफॉइड म्हणून सलाईन लागते, ताप उतरतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा चढतो. कंबर धरते, गुडघे धरतात, रात्री घामाने लुगडे ओले होते. घरात दोन क्विंटल कापसाचे पैसे असतील तर ते दवाखान्यात जातात.

या तिन्ही गोष्टींचे कारण एकच असू शकते. ते आहे की नाही, याचा पहिला अंदाज रक्ताच्या एका थेंबावरून चार मिनिटांत येतो. ही गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी सांगितलेली नाही, म्हणून हा लेख.

रोगाचे नाव ब्रुसेलोसिस. आपल्या पशुवैद्यकांच्या मराठीत सांसर्गिक गर्भपात. गाई-म्हशींत तो करणारा जंतू वेगळा, शेळ्या-मेंढ्यांतला वेगळा. माणसाला दोन्ही लागतात आणि शेळीचा जास्त जोरात लागतो. गाभडलेल्या जनावराचा जार, गर्भाचे पाणी आणि कच्चे दूध या त्याच्या वाटा. माणसाला झाला तर औषध आहे, पण ते सहा आठवडे दोन-दोन मिळून घ्यावे लागते. चार दिवसांच्या गोळ्यांनी ताप दबतो, रोग राहतो. जनावराला तर व्यवहारात परवडेल असा उपचारच नाही. एकदा गाभडलेली गाय पुढे नीट विते, दूध देते, दिसायला धडधाकट असते आणि जंतू सांडत राहते. बाजारात हेड्या तिच्या कासेला हात लावून भाव सांगतो. रक्तात काय आहे ते त्यालाही माहीत नसते आणि घेणाऱ्यालाही.

रक्तात काय असते, हे नीट समजून घेऊ. पुढचा सगळा वाद त्याच्यावरच उभा आहे. जंतू शरीरात शिरला की शरीर त्याला ओळखून धरणारी प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात, दवाखान्यात अँटिबॉडी. एक प्रतिपिंड एकाच प्रकारच्या जंतूला धरते, जसे एका कुलपाला एकच किल्ली. त्याला दोन हात असतात. एका हाताने एक जंतू, दुसऱ्या हाताने दुसरा, आणि अशी लाखो प्रतिपिंडे असली की जंतूंच्या गाठी होतात. ज्यांना आपण नेहमी सलाईन लावून घेतो ती विडाल चाचणी याच गाठींवर चालते. (एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणे कच्चे काम आहे, हे डॉक्टरांनाही ठाऊक असते. पण तो वेगळा विषय.)

या गाठींनीच हा रोग उघडा पाडला. डेव्हिड ब्रूस नावाच्या इंग्रज लष्करी डॉक्टरने 1887 साली माल्टा बेटावर मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू काढला. पण सैनिकांना तो येतो कुठून, हे पुढे अठरा वर्षे कळले नाही. हवा झाली, पाणी झाले, डास झाले. शेवटी 1905 साली तिथल्याच थेमिस्टोक्लिस झामित या डॉक्टरने शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या निरोगी दिसत होत्या, दूध देत होत्या, पण रक्ताने जंतूंच्या गाठी केल्या. पुढल्या वर्षी छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांचा ताप हटला. त्याच बेटावरचे साधे लोक मात्र दूध पीत राहिले आणि तापाने फणफणत राहिले. सैनिकासाठी शोध तात्काळ आणि शेळी पाळणाऱ्यासाठी सावकाश, ही रीत काही आजची नाही.

आज जी चाचणी आहे तिला रोझ बेंगाल म्हणतात. मारलेल्या जंतूंना गुलाबी रंग दिलेला असतो. त्याचा एक थेंब, जनावराच्या रक्तजलाचा एक थेंब, पाटीवर एकत्र हलवायचे आणि चार मिनिटे बघायचे. गुलाबी कणी धरली तर संशय पक्का, मग एलायझा करून खात्री करायची. दुधासाठीही अशीच एक चाचणी आहे, तीत रंगीत कडे सायीपाशी वर येते. नागपुरात 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि 2000 साली स्थापन झालेल्या माफसूचे, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे, मुख्यालयही नागपुरातच. ज्ञान, यंत्रे, माणसे सगळे जवळ आहे. तरी काटोलच्या किंवा उमरेडच्या एखाद्या खेड्यातल्या शेतकऱ्याने आपल्या गाभडलेल्या गाईचे रक्त तपासून घेतल्याचे तुम्ही किती वेळा ऐकले?

चाचणी महाग म्हणून ती येत नाही असे नाही. ती येत नाही कारण तिच्या मागे बरेच काही यावे लागते. रक्तजल वेगळे करायला हवे, औषध थंड ठेवायला हवे, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा विजेचा भरवसा नसलेल्या दवाखान्यातला फ्रिज हा एक विनोद असतो. शिवाय ते गुलाबी औषध तयार करायला खरा रोगजंतू मोठ्या प्रमाणावर वाढवावा लागतो. वाढवणाऱ्याला तो लागण्याचा धोका असतो, म्हणून हे काम मोजक्या संस्थाच करतात.

इथे यीस्टचा संबंध येतो. यीस्ट म्हणजे पावाचे पीठ फुगवणारी, दारूच्या भट्टीत काम करणारी ती बारीक बुरशी. तिच्यात दोन जाती असतात, नर-मादीसारख्या, आणि जुळण्याच्या वेळी एकमेकींना चिकटण्यासाठी पेशीच्या अंगावर चिकट प्रथिने उगवतात. 1997 साली अमेरिकेत बोडर आणि विट्रप या दोघांनी त्या चिकट प्रथिनाच्या टोकाला हवे ते दुसरे प्रथिन जोडून ते पेशीच्या अंगावर बाहेर आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पेशीत जनुक घालायचे, पेशी वाढू द्यायची. प्रत्येक पेशी अंगावर त्या प्रथिनाच्या हजारो प्रती घेऊन उभी राहते. ते प्रथिन एखाद्या रोगजंतूचे असेल तर? यीस्टची ही निरुपद्रवी पेशी प्रतिपिंडाच्या दृष्टीने रोगजंतूच झाली. आजारी जनावराच्या रक्ताचा थेंब पडला की प्रतिपिंडाचे दोन हात दोन पेशी धरतील आणि गाठी होतील. यीस्टची पेशी जंतूपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे गाठ चटकन तळाला बसावी अशी अपेक्षा. खरा जंतू कुठेच नाही, धोका नाही, आणि यीस्ट सुकवून ठेवता येते हे बेकरीवाल्याला विचारा.

याच्या पुढची पायरीही झाली आहे. यीस्टच्या अंगावरचा वास घेणारा अवयव बदलून तिला दुसऱ्या बुरशीचा वास घ्यायला लावायचे आणि वास आला की तिने लाल रंग तयार करायचा, टोमॅटोत असतो तोच. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व्हर्जिनिया कॉर्निश यांच्या गटाने 2017 साली अशी चाचणी दाखवली. ती प्रतिपिंडांसाठी नव्हती, माणसाला आणि पिकांना रोग करणाऱ्या बुरशींसाठी होती. पण त्या कागदी पट्टीला ना फ्रिज लागतो ना यंत्र. लाल झाली की दिसते. शेतकऱ्याच्या हातात देता येईल अशी वस्तू कशी असावी, याचा हा नमुना आहे.

आता कुणी म्हणेल की ही जनुके बदललेली यीस्ट म्हणजे काहीतरी भयंकर आहे. ज्यांना जनुक शब्द ऐकला की घाम फुटतो त्यांना आम्ही एवढेच सांगतो की तुमच्या नातवाच्या मांडीत ती कधीच पोचली आहे. काविळीची, म्हणजे हेपटायटिस बी ची, जी लस सरकारी दवाखान्यात बाळाला देतात तिच्यातले प्रथिन अशाच यीस्टमध्ये तयार होते. 1986 साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. परदेशी लस इथे इतकी महाग होती की खेड्यातला माणूस तिचे नाव काढत नव्हता. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती देशात तयार केली आणि भाव कोसळला. कोविडच्या काळात 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळालेली कॉर्बेव्हॅक्स हीदेखील यीस्टमध्येच तयार झालेली. देशात हे ज्ञान आहे, कारखाने आहेत. प्रश्न फक्त ते कुणासाठी वापरायचे हा आहे.

म्हणून तंत्रज्ञानाची बाजू घ्यायची. पण आंधळेपणाने घ्यायची नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलो आहोत, आणि ‘नवीन’ म्हणून विकली जाणारी वस्तू पारखून घ्यायची सवय सोडायला तयार नाही. या बाबतीत एक अडचण स्पष्ट सांगायला हवी. ब्रुसेलोसिसमध्ये शरीर जी बहुतेक प्रतिपिंडे बनवते ती जंतूच्या अंगावरच्या साखरेच्या साखळीविरुद्ध असतात, प्रथिनाविरुद्ध नव्हे. यीस्टला प्रथिन अंगावर घ्यायला सांगणे सोपे; जंतूची साखर तिच्याकडून बनवून घेणे फार अवघड. तेव्हा या रोगासाठी जंतूचे एखादे नेमके प्रथिन निवडावे लागेल आणि ते सर्व आजारी जनावरे पकडते का, हे आपल्याच गोठ्यांत पाहावे लागेल. काही सुटतीलच. उलट एक फायदाही आहे. त्या साखरेची नक्कल करणारा आणखी एक जंतू पोटात असतो आणि तो जुन्या चाचणीला फसवतो. प्रथिनावरची चाचणी त्याला सहसा फसणार नाही. लाळ-खुरकुताचे गणित याहून सोपे. तिथे ज्या प्रथिनांवरून लस दिलेले जनावर आणि रोग झालेले जनावर वेगळे ओळखतात ती माहीत आहेत.

वाईट चाचणी ही चाचणी नसण्यापेक्षा वाईट असते. क्षयरोगाच्या प्रतिपिंडांच्या रक्तचाचण्या या देशात वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. नसलेला क्षय दाखवत, असलेला लपवत. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली त्या वापरू नका म्हटले आणि 2012 च्या जूनमध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. तोवर गरिबांचा पैसा आणि वेळ गेला तो गेला. 2020 च्या एप्रिलमध्ये कोविडच्या चिनी प्रतिपिंड पट्ट्या राज्यांना वाटल्या गेल्या आणि त्याच महिन्यात परत करा म्हणून सांगावे लागले. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने स्वतःची एलायझा चाचणी तयार केली, मे महिन्यात ती जाहीर झाली आणि देशभरच्या पाहण्यांत वापरली गेली. आपल्या माणसांनी आपल्या रक्तावर पारखलेली चाचणी आणि डब्यात बंद येऊन पडलेली चाचणी यांतला हा फरक.

नागपूरने हा धडा कापसात आधीच गिरवला आहे. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पाठोपाठ बाजारात खोटे, भेसळीचे बियाणे आले. पाकिटावर बीटी, आत काय ते देवाला माहीत. तेव्हा इथल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी पट्टी तयार केली. पान चिरडायचे, पाण्यात कालवायचे, पट्टी बुडवायची. पट्टीवरच्या प्रतिपिंडाने बीटीचे प्रथिन धरले की रेघ उमटते. म्हणजे गोठ्यातल्या चाचणीत आपण प्रतिपिंड शोधतो, तिथे प्रतिपिंडानेच शोधायला लावले. वर्धा रोडवरच्या एका सरकारी संस्थेत हे झाले, परदेशात नव्हे.

पण त्या पट्टीचीही मर्यादा आठवा. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातला बीटी कापूस खाल्ला तेव्हा पट्टीवर रेघ नीट उमटत होती. पानात प्रथिन होते, अळी त्याला दाद देत नव्हती. पट्टीने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर दिले. प्रतिपिंडाची चाचणीही तशीच. या जनावराची जंतूशी गाठ पडली आहे, इतकेच ती सांगते. आज ते दुधातून जंतू सांडते आहे का, हे सांगत नाही. आणि लहानपणी लस टोचलेल्या कालवडीच्या रक्तातही काही काळ प्रतिपिंडे राहतात. म्हणूनच ही लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींनाच एकदा देतात आणि कानात बिल्ला मारतात. ज्याच्याकडे बिल्ल्याची आणि लसीची नोंद नाही त्याला चाचणीचा अर्थ लावता येणार नाही. 2019 साली केंद्राने लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी 13,343 कोटींचा कार्यक्रम जाहीर केला, सप्टेंबरात मथुरेला त्याचा सोहळा झाला. आपल्या गावातल्या किती वगारींना ती लस टोचली, हे ज्याने त्याने आपल्या गोठ्यात जाऊन कान बघून मोजावे. सोहळ्यापेक्षा तो आकडा खरा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न, जो तज्ज्ञांच्या परिषदेत कुणी विचारत नाही. चाचणी झाली, गाय रोगी निघाली. पुढे काय?

परदेशांत ज्यांनी हा रोग हटवला त्यांनी तपासले, रोगी जनावर कत्तलीला पाठवले आणि मालकाला पैसे दिले. आपल्याकडे गोहत्या 1976 च्या कायद्याने बंद आहे आणि 2015 साली बैल-वळूही त्यात आले. म्हणजे रोगी गाय कापायची नाही. रोगी म्हणून कळल्यावर विकायची तर घेणार कोण? न सांगता विकली तर शेजारच्या तालुक्यातल्या आपल्यासारख्याच माणसाच्या गळ्यात मारल्यासारखे. बांधून ठेवायची तर कडबा आणि ढेप घरच्या दुभत्या जनावराच्या तोंडचे काढून तिला घालायचे, तिचे दूध मात्र विकायचे नाही. 2009 चा केंद्राचा कायदा मालकाला सांगतो की सांसर्गिक रोग दिसला की कळव. कळवणाऱ्याच्या पदरात काय पडते ते कायद्याला विचारू नका. लम्पीच्या वेळी, 2022 साली, याच राज्याने मेलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये मदत दिली. गाय मेली तर पैसे आहेत. जिवंत राहून रोग पसरवत असेल तर नाहीत. अशा स्थितीत कोणता शहाणा शेतकरी स्वतःहून रक्त काढून देईल? तो अडाणी म्हणून चाचणी टाळत नाही, हिशेब कळतो म्हणून टाळतो.

यीस्ट असो की गुलाबी औषध, जोवर हा हिशेब बदलत नाही तोवर चाचणी ही शेतकऱ्याच्या विरुद्धचा पुरावाच ठरणार. तेव्हा आमची भूमिका अशी की दोन्ही गोष्टी एकत्र मागायच्या. बैलबाजारात आणि दूध संकलनाच्या जागी, जनावर घेणाऱ्याला मागताक्षणी तपासणी मिळाली पाहिजे. योजनेतून वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक गाई-शेळीबरोबर रक्ततपासणीचा कागद आला पाहिजे. आणि रोगी निघालेले जनावर सरकारने बाजारभावाने ताब्यात घेतले पाहिजे. ते मग कुठे ठेवायचे, कसे पोसायचे, हे ज्यांनी 2015 चा कायदा केला त्यांनी पाहावे. पुण्य त्यांचे, वैरण आमची, हे किती दिवस चालायचे?

नव्या चाचणीबद्दल एक शंका कार्यकर्तेही विचारतात की परवानगीचे काय. जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी 1989 चे नियम आहेत, आणि जिवंत यीस्ट प्रयोगशाळेबाहेर न्यायची तर त्या रांगेत उभे राहावे लागेल. ती रांग किती लांब असते ते एचटीबीटीने आपल्याला शिकवले आहे. पण गाठी बांधायला यीस्ट जिवंत असण्याची गरज नाही. मारून, सुकवून वापरलेली पेशीही अंगावरचे प्रथिन बाळगून असते. लाल रंग हवा असेल तर जिवंत हवी. आधी मेलेल्या यीस्टवरची चाचणी मागावी हे शहाणपणाचे. माफसू आहे, कापूस संस्था आहे, आणि माणूस-जनावरांच्या समाईक रोगांसाठी राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 ला नागपुरातच झाली. तिघांनी मिळून विदर्भातल्या गोठ्यांत जुन्या चाचणीशेजारी नवी लावून पाहावी, किती पकडली आणि किती चुकली ते आकडे मराठीत छापावेत, आणि किंमत आधी जाहीर करावी.

दरम्यान हातात आहे ते करायला यीस्टची वाट पाहायची गरज नाही. गाभडलेल्या जनावराचा जार आणि गर्भ उघड्या हाताने धरू नका. हातमोजा नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी हातावर बांधा, चुना टाकून खोल खड्ड्यात पुरा. गाभण बाईने आणि लहान पोरांनी त्या जागी जाऊ नये. दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नये, शेळीचे तर नाहीच, औषध म्हणूनही नाही. ताप पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरला आपणहून सांगा की घरचे जनावर गाभडले होते, ब्रुसेलाची चाचणी करा. न सांगितल्यास तो बहुधा विचारणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने एक कागद आणावा. गेल्या तीन वर्षांत पाच महिन्यांनंतर किती गाई-म्हशी आणि एकूण किती शेळ्या गाभडल्या, त्यांतल्या किती बाजारातून विकत आणलेल्या होत्या, किती वगारींच्या कानात बिल्ला आहे, आणि त्या घरांत महिनाभराहून जास्त ताप किती जणांना होता. मालकाचे नाव लिहू नये, फक्त आकडे लिहावेत. ते एकत्र करून पशुसंवर्धन उपायुक्तांकडे आणि माफसूच्या कुलगुरूंकडे घेऊन जायचे आहे.